कंडिशनर केसांवर काय ठेवून जातं आणि केसातल्या ओलाव्याचं नेमकं काय होतं: लेबल वाचण्यापासून केस धुण्यापर्यंत

नवा कंडिशनर आणला की पहिले काही दिवस केस मस्त वाटतात, मग हळूहळू चप्पट, मेणचट, जड व्हायला लागतात आणि बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात की हा रेसिड्यू, म्हणजे मागे राहणारा थर, सोडतो, बदला. आणि केस राठ लागले की म्हणायचं यात मॉइश्चर कमी आहे, अजून हेवी काहीतरी आणा. दोन्ही वेळा दिशा थोडी चुकते आणि त्यात पैसे जातात, केसही बिघडतात, म्हणून हे सगळं एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

पहिली गोष्ट म्हणजे कंडिशनरचं कामच केसांवर काहीतरी ठेवून जाणं हे आहे. धुतल्यावर सगळंच्या सगळं निघून गेलं तर तो लावला काय आणि न लावला काय, सारखंच. त्यामुळे रेसिड्यू आहे की नाही हे विचारून काही हाती लागत नाही, विचारायचं ते हे की किती राहिला, केसाच्या कुठल्या भागावर राहिला आणि पुढच्या शाम्पूने तो निघतो का. दुसरी गोष्ट ओलाव्याची. कंडिशनर केसात पाणी भरत नाही हो. केसात किती पाणी असणार हे मुख्यतः आजूबाजूची हवा ठरवते, साधारण ६० टक्के आर्द्रतेत केसाच्या वजनाच्या १२ ते १५ टक्के पाणी असतं आणि पूर्ण भिजला की ते ३० टक्क्यांच्या आसपास जातं, कंडिशनर कुठलाही लावा, यात फार फरक पडत नाही. मग केस मऊ का लागतात? तर घर्षण कमी होतं म्हणून. प्रयोगांमध्ये हेही दिसलंय की दमट हवेत ठेवलेले, म्हणजे खरं तर जास्त पाणी असलेले केस हातात दिले तर लोक त्यांनाच कोरडे म्हणतात, कारण पाण्याने केस फुगतो आणि वरचा पृष्ठभाग खडबडीत होतो. आपण ज्याला कोरडेपणा म्हणतो तो बऱ्याचदा खडबडीतपणा असतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पायरी १: आधी आपल्या केसाची टोकं आणि मुळं वेगळी समजून घ्या

केसाच्या बाहेर क्यूटिकलचे पातळ खवले असतात, एकावर एक चढवलेले, छपरावरच्या कौलांसारखे, आणि त्यांची उघडी कड टोकाच्या दिशेला असते. आत कॉर्टेक्स, म्हणजे गाभा, तिथे केराटिन नावाच्या प्रोटीनचे धागे, ताकद तिथली. निरोगी क्यूटिकलच्या सगळ्यात वरच्या पृष्ठभागावर एका फॅटी ॲसिडचा अगदी बारीक थर घट्ट जोडलेला असतो, त्याला १८-एमईए म्हणतात, आणि त्यामुळे केस पाण्याला थोडा दूर ठेवतो आणि हाताला गुळगुळीत लागतो. हा थर ब्लीचने, कलरने, अल्कलाइन ट्रीटमेंटने, उन्हाने आणि नुसत्या रोजच्या घासाघासीनेही जातो आणि एकदा गेला की केस तो परत बनवत नाही, कारण केसाचा बाहेरचा भाग जिवंत नसतो.

आता हिशोब बघा, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे ३० सेंटीमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षं जुनं आहे, अडीच वर्षांचं ऊन, शाम्पू, कंगवा सगळं त्याने सोसलंय, आणि मुळाशी असलेला केस मागच्या महिन्यातला. एकाच केसाच्या दोन टोकांच्या गरजा इतक्या वेगळ्या असताना डोक्यावरून खालपर्यंत एकच कंडिशनर सारखाच चोपडला तर मुळाशी तो जास्त होणार आणि टोकाशी कमी पडणार हे उघड आहे.

अजून एक, विद्युतभार. केसाच्या पृष्ठभागावर नेहमीच्या पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं जास्त आम्ल) ऋण भार असतो, आणि जिथे ब्लीच किंवा उन्हाने नुकसान झालंय तिथे तो आणखी जास्त असतो. कंडिशनरची अख्खी युक्ती यावर उभी आहे. धन भार असलेले घटक घ्यायचे, ते आपोआप ऋण भाराकडे ओढले जातात, आणि जिथे नुकसान जास्त तिथे जास्त बसतात.

पायरी २: लेबलवर रेघ कुठे मारायची ते शिका

घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे लिहिलेली असते, पण हा नियम एक टक्क्यापर्यंतच, एक टक्क्याच्या खालचे घटक कंपनी कुठल्याही क्रमाने लिहू शकते. म्हणजे यादीत शेवटी शेवटी दिसणारं सुंदर फुलाचं तेल किंवा रेशमाचं प्रोटीन हे नावापुरतं असू शकतं. ही एक टक्क्याची रेघ ओळखायला सोपी खूण आहे, फिनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह शोधा. युरोपात ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालायला परवानगीच नाही, आणि बहुतेक कंपन्या जगभर तेच धरून चालतात, त्यामुळे त्याच्यानंतर जे काही लिहिलंय ते एक टक्का किंवा त्याहून कमी असं धरायला हरकत नाही. ते नसेल तर परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द बघा, तोही साधारण तिथेच कुठेतरी असतो.

बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्याकडे मी तरी बघत नाही. पाणी सोडून पहिले पाच-सहा घटक बघायचे, कंडिशनरचा स्वभाव तिथेच कळतो.

एक टक्क्याखाली आहे म्हणून काम करत नाही असं मात्र समजू नका, हे सगळ्यांना लागू नाही. धन भाराचे पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) आणि काही सिलिकॉन अगदी थोडे असले तरी केसावर जाणवतात. तेलं, अर्क, व्हिटॅमिनं यांच्या बाबतीत मात्र शेवटचा नंबर म्हणजे शेवटचाच.

पायरी ३: घटक गटागटाने ओळखा

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळं यावरच आहे.

सुरुवात फॅटी अल्कोहोलपासून. सिटाइल अल्कोहोल, स्टिअराइल अल्कोहोल, सिटेअराइल अल्कोहोल ही नावं जवळजवळ प्रत्येक कंडिशनरमध्ये पाण्याच्या लगेच नंतर दिसतील. अल्कोहोल शब्द बघून घाबरणारे खूप जण आहेत पण हे मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत, केस कोरडे करणारं अल्कोहोल वेगळं, ते अल्कोहोल डिनॅट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल असं लिहिलेलं असतं आणि धुवायच्या कंडिशनरमध्ये क्वचितच सापडतं. फॅटी अल्कोहोल आणि धन भाराचे घटक पाण्यात एकत्र आले की थरांची एक रचना बनते, कंडिशनरला जो क्रीमसारखा दाटपणा असतो तो त्याचाच, आणि केसावर राहणारा मऊ थरही मुख्यतः त्याचाच. हा थर साध्या शाम्पूने आरामात निघतो. अगदी बारीक केसांवर तो जास्त झाला तर मेणचट लागतो खरा, पण साचून राहणारा हा नाही.

मग ते धन भाराचे घटक, ज्यांना क्वॉट म्हणतात. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट, सेट्रिमोनियम क्लोराइड, स्टिअरामिडोप्रोपाइल डायमिथाइलअमाइन. यातला फरक साखळीच्या लांबीचा आहे. बेहेन म्हणजे २२ कार्बनची लांब साखळी, ती केसाला घट्ट धरते, गुंता छान सोडवते, पण बारीक केसांना जड होऊ शकते. सेट्रिमोनियमची साखळी १६ कार्बनची, हलकी, स्टॅटिक कमी करायला चांगली. बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेटच्या नावात सल्फेट आहे म्हणून सल्फेट टाळणारे लोक ते बघून बाटली परत ठेवतात, पण त्याचा शाम्पूतल्या सल्फेटशी काही संबंध नाही, ते साफ करणारं द्रव्य नाहीच. आणि स्टिअरामिडोप्रोपाइल डायमिथाइलअमाइन मला बारीक केसांसाठी सगळ्यात आवडतं, कारण ते आम्ल असतानाच धन भार धरतं, म्हणून त्याच्या जोडीला लॅक्टिक किंवा सायट्रिक ॲसिड दिसेल, आणि पुढच्या धुण्यात ते बाकीच्यांपेक्षा सहज सुटतं.

पॉलीक्वाटर्नियम हा त्यांचा मोठा भाऊ, म्हणजे एका लांब पॉलिमरवर अनेक धन भार. एकाच वेळी कितीतरी ठिकाणी चिकटत असल्याने तो केसावरून सोडवणं अवघड जातं. पॉलीक्वाटर्नियम-१० आणि ग्वार हायड्रॉक्सीप्रोपाइलट्रायमोनियम क्लोराइड हे कंडिशनरपेक्षा शाम्पूत जास्त असतात, आणि इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे की ते शाम्पूतल्या साफ करणाऱ्या द्रव्याबरोबरच जोडी करून, पाणी ओतलं की केसावर बसतात. म्हणजे लोक कंडिशनरला दोष देत बसतात आणि थर शाम्पूतून येत असतो. तुमचा शाम्पू स्मूदिंग किंवा टू-इन-वन प्रकारचा असेल तर त्याचंही लेबल वाचाच.

आता सिलिकॉन, ज्याच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. नावाच्या शेवटी कोन, कोनॉल किंवा सिलोक्सेन आलं की सिलिकॉन समजायचं. पण सगळे एका माळेत ओवू नका. सायक्लोपेंटासिलोक्सेन उडून जातं, ते साचायचा प्रश्नच येत नाही, अर्थात पर्यावरणाच्या कारणावरून युरोपात ३१ जानेवारी २०२० नंतर धुवून टाकायच्या उत्पादनांत ते ०.१ टक्का किंवा त्याहून जास्त चालत नाही, त्यामुळे आता कमी दिसतं. पीईजी-१२ डायमेथिकोनसारखे, म्हणजे पुढे पीईजी आणि मोठा आकडा असलेले, पाण्यात बरेच विरघळतात आणि निघून जातात. डायमेथिकोन आणि डायमेथिकोनॉल पाण्यात विरघळत नाहीत, यांचा थर नुसत्या पाण्याने किंवा कंडिशनरने केस धुतल्यास राहतो, शाम्पूने बऱ्यापैकी निघतो. ॲमोडायमेथिकोनवर अमाइन गट असतात, आम्ल कंडिशनरमध्ये त्यांना धन भार येतो, म्हणून ते नेम धरल्यासारखं नुकसान झालेल्या जागी जाऊन बसतं, आणि एकदा बसलं की त्याच्यावर नवा थर तुलनेने कमी चढतो. ब्लीच केलेल्या केसांना याच्याइतका आधार देणारं दुसरं फार थोडं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ते डायमेथिकोनपेक्षा घट्ट धरून बसतं हेही खरं.

सिलिकॉनमुळे केस गुदमरतात, पाणी आत जात नाही हे खूप ऐकायला मिळतं. केस श्वास घेत नाही हे तर आहेच, पण सिलिकॉनच्या थरातून पाण्याची वाफ बऱ्यापैकी आरपार जाते, त्यामुळे केसातलं पाणी हवेबरोबर पूर्वीसारखंच कमीजास्त होत राहतं. सिलिकॉनचा खरा तोटा एकच, तो जास्त साचला तर केस जड आणि निस्तेज होतात, आणि ते सुद्धा शाम्पू पुरेसा साफ करत नसेल तर.

तेलं आणि बटर. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि भिजल्यावर केस फुगणं कमी करतं, हे आधी लावून ठेवायच्या तेलाबद्दल बऱ्यापैकी सिद्ध झालंय. मिनरल ऑइल आत जात नाही, वर राहतं आणि घसरण देतं. धुवायच्या कंडिशनरमध्ये मात्र तेल थोडंच असतं आणि त्यातलंही बरंच पाण्याबरोबर जातं, त्यामुळे तेलाच्या नावावर कंडिशनर निवडण्यात फार अर्थ नाही, अपवाद शिया बटरसारखी घट्ट बटरं पहिल्या पाचात असतील तर, ती बारीक केसांवर लगेच जाणवतात.

ग्लिसरीन, पँथेनॉल, प्रोपिलीन ग्लायकॉल, सोडियम पीसीए हे पाणी धरणारे घटक. सगळे पाण्यात विरघळणारे, त्यामुळे धुवून टाकायच्या कंडिशनरमध्ये यातलं बरंचसं मोरीत जातं. लीव्ह-इनमध्ये, म्हणजे लावून न धुता ठेवायच्या कंडिशनरमध्ये, हे महत्त्वाचे, आणि तिथे हवा फार दमट असेल तर ग्लिसरीन जास्त असलेलं लीव्ह-इन केस फुगवतं, चिकटही लागतं. दमट दिवसांत लीव्ह-इनमध्ये ग्लिसरीन दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर नको.

प्रोटीनबद्दल थोडक्यात. हायड्रोलाइज्ड म्हणजे तुकडे केलेलं प्रोटीन केसावर पातळ फिल्म करतं, लहान तुकडे थोडे आतही जातात, नुकसान झालेले केस ते जास्त धरतात. वारंवार वापरून केस ताठ, कडक लागायला लागले तर काही आठवडे प्रोटीन नसलेला कंडिशनर वापरा, एवढंच.

पायरी ४: हा खरंच कंडिशनरचा थर आहे का ते तपासा

बिल्डअप, म्हणजे साचलेला थर, हा शब्द आता कशालाही लावला जातो, त्यामुळे साफ करायच्या आधी ओळखा.

केस धुतल्या दिवशी छान आणि दुसऱ्या दिवशी फक्त मुळाशी तेलकट होत असतील तर ते टाळूचं स्वतःचं तेल आहे, कंडिशनरचा दोष नाही, फार तर तो मुळाशी लागत असेल. केस धुवून वाळल्यावर लगेचच मधल्या लांबीत मेणचट, जड, बटा एकमेकींना चिकटलेल्या, वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि शाम्पूला पहिल्या वेळी फेसच येत नाही पण दुसऱ्यांदा लावल्यावर भरपूर येतो, असं असेल तर थर साचलाय. केस जड नाहीत पण राठ आहेत, खरखरीत, निस्तेज, कितीही कंडिशनर लावला तरी लागत नाही असं वाटतं, आणि नळावर, बादलीवर पांढरे डाग पडतात, तर संशय क्षाराच्या पाण्यावर घ्या. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर धन भार असतो, तेही केसाच्या ऋण भाराला जाऊन चिकटतात, आणि हे काढायला नुसता स्ट्राँग शाम्पू पुरत नाही.

टाळूवर पांढरं काही दिसत असेल तर ते नखाने काढून बघा. मऊ, मेणासारखं आणि खाज नाही तर उत्पादनाचं. सुटे पापुद्रे, खाज, लाली असेल तर कोंडा किंवा त्वचेचा त्रास असू शकतो आणि त्यावर कंडिशनर बदलून काही होणार नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

केस ग्लासातल्या पाण्यात टाकून तो बुडतो की तरंगतो यावरून पोरॉसिटी, म्हणजे केस पाणी किती शोषतो ते, ठरवायची जी टेस्ट फिरत असते तिच्यावर विसंबू नका. पृष्ठताणामुळे आणि केसावरच्या तेलामुळे चांगला-वाईट कुठलाही केस तरंगू शकतो. त्यापेक्षा मुळाजवळच्या केसावरून बोट फिरवा, मग टोकाजवळच्या केसावरून, दोन्हीतला फरक जास्त खरं सांगतो.

पायरी ५: एकदा नीट रीसेट करा

नवा कंडिशनर पारखायचा असेल तर केसावर आधीचा थर असताना पारखू नका, काहीच कळणार नाही.

केस कोमट पाण्याने पूर्ण भिजवा, घाई न करता, कारण दाट केसांत आतल्या बटा कोरड्याच राहतात. मग क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा, शाम्पू घ्या, पण त्याच्या नावापेक्षा लेबल बघा, वरच्या नंबरांत सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा सोडियम सी१४-१६ ऑलेफिन सल्फोनेट हवं आणि कुठेही पॉलीक्वाटर्नियम, ग्वार किंवा सिलिकॉन नको. ऑलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नाही तरी चांगलं साफ करतं, त्यामुळे सल्फेट-फ्री म्हणजे सौम्यच असं धरू नका, आणि उलट, सल्फेट नाही म्हणजे सिलिकॉन निघणारच नाही असंही नाही. शाम्पू हातावर थोड्या पाण्यात मिसळून टाळूला लावा, बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. धुवा. दुसऱ्यांदा लावा आणि या वेळी फेस लांबीवर हलक्या हाताने खाली ओढून एखादा मिनिट तसाच राहू द्या. केस डोक्यावर गोळा करून घासू नका, ओला केस कमकुवत असतो, जास्त ताणला जातो आणि खवल्यांच्या कडा तिथेच तुटतात.

क्षाराचा प्रश्न असेल तर किलेटिंग शाम्पू लागेल, म्हणजे क्षार धरून सोडवणारा, ज्यात टेट्रासोडियम ईडीटीए, फायटिक ॲसिड किंवा सोडियम ग्लुकोनेट यादीत बऱ्यापैकी वर आहे. साध्या शाम्पूतही डायसोडियम ईडीटीए दिसतं पण ते अगदी थोडं असतं, त्यावर भिस्त नको. तो लावून लेबलवर लिहिलेला वेळ थांबा, इथे वेळ देणं कामाचं असतं. आणि शॉवरला लावायचे जे छोटे कार्बन फिल्टर मिळतात ते क्लोरीन कमी करतात, कॅल्शियम नाही, त्यासाठी आयन बदलणारा सॉफ्टनर लागतो.

खाण्याचा सोडा यासाठी वापरू नका, प्लीज. त्याचा पीएच आठच्या वर, केस फुगतो, खवले उचलले जातात, आणि नंतर जो खडबडीतपणा येतो तो झाकायला पुन्हा जास्त कंडिशनर, म्हणजे परत तेच चक्र. व्हिनेगरचं पाणी, लिटरभर पाण्यात एक-दोन मोठे चमचे, हलके क्षार सोडवायला आणि केस जरा गुळगुळीत करायला ठीक आहे, पण सिलिकॉन किंवा तेल त्याने निघत नाही.

रीसेटनंतर केस थोडे उघडे, करकरीत लागतील, हे अपेक्षितच आहे, त्याच वेळी कंडिशनर लावायचाच. महिन्यातून एकदा बहुतेकांना पुरतं. लीव्ह-इन, जेल, सीरम भरपूर वापरत असाल तर दोनदा. कलर केलेल्या केसांवर यापेक्षा जास्त वेळा नको, रंग उतरतो.

पायरी ६: आपल्या केसांना जुळेल ते निवडा

साधारण एक लाख केस, प्रत्येकी ३० सेंटीमीटर, जाडी ७० मायक्रॉन धरली तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग साडेसहा चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे हातावरचा तो छोटासा गोळा एका लहान खोलीच्या जमिनीएवढ्या जागेवर पसरतो. केस बारीक असेल तर प्रत्येक केसाचं वजन आणि ताठपणा इतका कमी की तेवढाच थरही त्याला खाली बसवतो. जाड केसाला तो जाणवतही नाही.

म्हणून बारीक, सरळ, लवकर चप्पट होणाऱ्या केसांना सेट्रिमोनियम किंवा स्टिअरामिडोप्रोपाइल डायमिथाइलअमाइन असलेला, सिलिकॉन नसलेला किंवा एक टक्क्याच्या रेघेखाली असलेला, बटर अजिबात नसलेला कंडिशनर. जाड, कुरळ्या केसांना बेहेनट्रायमोनियम, फॅटी अल्कोहोल भरपूर, बटर चालेल. कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत सहज उतरत नाही म्हणून तिथे वरून दिलेल्या थराची गरज खरी आहे. ब्लीच किंवा वारंवार कलर केलेल्या केसांना ॲमोडायमेथिकोन, बेहेनट्रायमोनियम, थोडं प्रोटीन.

टाळू तेलकट आणि टोकं राठ, ही सगळ्यात जास्त आढळणारी जोडी, यांनी दोन कंडिशनर घेण्यापेक्षा एक चांगला घेऊन फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावावा.

आणि शाम्पूशी जोडी जमवा, हे फार जण विसरतात. शाम्पू अगदी सौम्य असेल किंवा तुम्ही शाम्पूऐवजी कंडिशनरनेच केस धुत असाल तर डायमेथिकोन आणि पॉलीक्वाटर्नियम टाळा, कारण काढायला काही नाही. शाम्पू नीट साफ करणारा असेल तर सिलिकॉनला घाबरायचं कारण नाही. कंडिशनरचा थर बरा की वाईट हे त्याच्या पुढच्या शाम्पूवर अवलंबून आहे, एकट्या बाटलीवर नाही.

पायरी ७: लावायची आणि धुवायची पद्धत

शाम्पू धुतल्यावर केसातलं पाणी हाताने हळू दाबून काढा. पाणी गळत असताना लावला तर निम्मा कंडिशनर लगेच वाहून जातो आणि मग आपण अजून घेतो. हाताच्या दोन्ही तळव्यांवर आधी पसरवा, सुरुवात टोकांपासून, मग वर कानाच्या पातळीपर्यंत, शेवटी हातावर जे उरलंय ते बाहेरच्या केसांवरून फिरवा. टाळूला नाही. रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वरच्या बाजूला गुंता सोडवत जा, या वेळी केस सगळ्यात जास्त घसरडे असतात, तुटायची शक्यता कमी.

थांबायचं किती? धन भाराचे घटक केसावर फार पटकन बसतात, दोन-तीन मिनिटं भरपूर झाली, अर्धा तास ठेवून ओलावा वाढत नाही.

धुताना कोमट पाणी. थंड पाण्याने क्यूटिकल बंद होतं असं म्हणतात पण खवले तापमानापेक्षा पीएचला जास्त दाद देतात, आणि ते काम कंडिशनरचं आम्ल आधीच करतं, बहुतेकांचा पीएच साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान असतो. थंड पाण्याने उलट मेणासारखे घटक नीट पसरून निघत नाहीत. मागची बाजू, मानेवरचा भाग आणि कानामागे बोटं घालून धुवा, रेसिड्यूच्या अर्ध्या तक्रारी तिथून येतात. पाणी पांढरट येणं थांबेपर्यंत धुवायचं, मग केस हाताला थोडे घसरडे लागले तरी चालेल, तो थर हवाच आहे. बारीक केस असतील तर त्यापुढेही थोडं धुवा. शेवटी कपाळ, मान, पाठ साबणाने धुवून टाका, ज्यांना केसांच्या रेषेजवळ किंवा पाठीवर पुटकुळ्या येतात त्यांनी तर नक्कीच.

इतकं करूनही केस बसत असतील तर क्रम उलटा करून बघा, आधी कंडिशनर, मग शाम्पू. फॅटी अल्कोहोलचा जास्तीचा भाग निघतो, क्वॉटचा थोडा राहतो, आणि काही बारीक केसांना नेमकं तेवढंच लागतं.

पायरी ८: बदल एका वेळी एकच

शाम्पू, कंडिशनर, सीरम तिन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झालं हे कधीच कळत नाही. रीसेट झाल्यावर फक्त कंडिशनर बदला आणि निदान चार-पाच वेळा केस धुवेपर्यंत थांबा, कारण साचणारा घटक पहिल्या धुण्यात दिसतच नाही, उलट पहिल्या वेळी तोच सगळ्यात सुंदर वाटतो.

लवकर उत्तर हवं असेल तर डोक्याची मधोमध भांग पाडून डाव्या बाजूला जुना कंडिशनर, उजव्या बाजूला नवा लावा, मात्रा सारखी, शाम्पू एकच, पाणी एकच, हवाही एकच. वाळल्यावर दोन्ही बाजूंच्या मधल्या लांबीवरून आणि टोकांवरून हात फिरवा, एखाद्या दुसऱ्या माणसाला कुठली बाजू कुठली ते न सांगता बघायला सांगा. दुसऱ्या दिवशी परत बघा. जी बाजू पहिल्या दिवशी जास्त मऊ होती तीच दुसऱ्या दिवशी चप्पट झाली असेल तर कंडिशनर बदलायच्या आधी त्याची मात्रा निम्मी करून पुन्हा एकदा हीच परीक्षा घ्या.